धुमराबाईचा दुसरा भाग

वनिताचा फोन आला तेव्हा मी टीव्हीसमोर होते. मालिकेतली सासू नुकतीच जिन्यावरून पडली होती आणि ती वाचते की जाते या काळजीत मी बुडाले होते. "मावशी, आमची माय गेली," वनिता म्हणाली. सकाळी चहा मागितला, अर्धा पिला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकली ती टेकलीच... मी फोन ठेवला. सूनबाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, धुमरा गेली. ती म्हणाली, आई, धुमरामावशींचं खरं नाव काय हो, नातेवाइकांना कळवायला लागेल. आणि मला चटकन आठवेना. ज्या बहिणीबरोबर एका ताटात जेवले, एका गोधडीत झोपले, तिचं आईबापानं ठेवलेलं नाव मला छताकडे बघून शोधावं लागलं. शेवंता. ते सांगितलं तर घरात कुणालाच कळेना, ही शेवंता कोण. कळणार कसं? जे नाव घेऊन ती आयुष्यभर जगली ते मी ठेवलेलं होतं, आणि ते एका कादंबरीतल्या राक्षसिणीचं होतं.

शेवंता माझी मामेबहीण. मामाचं गाव चंद्रपूरकडच्या मूल गावापासून बरंच आत, आणि तिथली शाळा चौथीपाशी संपायची. म्हणून पुढच्या शिक्षणासाठी मामानं तिला आमच्याकडे मूलला आणून सोडलं. माझे वडील राइस मिलमध्ये मुनीम होते आणि मिलच्याच आवारात आम्हाला दोन खोल्या होत्या. ती आली तेव्हा तिच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती, आणि आवाज असा होता की तिनं दारातून "आत्या" अशी हाक मारली तर मिलच्या पट्ट्याच्या घरघराटातूनही आईला ती मागच्या खोलीत ऐकू आली. मला तो आवाज पहिल्याच दिवशी आवडला नाही. माझा आवाज तेव्हा फार नाजूक होता. म्हणजे नाजूक नव्हता, मी तो तसा काढत असे.

त्याच वर्षी आमच्या गावच्या वाचनालयातून घरी एक पुस्तक आलं. 'सुवर्णकड्याची राजकन्या, भाग पहिला'. लाल कापडी बांधणी, पाठीवर पुसट झालेली सोनेरी अक्षरं. पुस्तक वडिलांसाठी आलेलं, पण ते त्यांच्या हाती काही लागलं नाही. राजा मायावी झोपेत पडलेला आहे, त्याला जागं करणारं पाणी दूरच्या सोन्याच्या कड्यावरून ठिबकतं, आणि ते आणायला राजकन्या हेमांगी एकटी निघते. वाटेत काळंवन लागतं. वनात एक विहीर, आणि विहिरीत धूम्रा नावाची राक्षसीण. नाकातून धूर, आवाज नगाऱ्यासारखा. वाटसरूला ती एकच प्रश्न विचारते, आणि उत्तर चुकलं की तिथल्या तिथे त्याचं झाड होतं. काळंवन म्हणजे अशी चुकलेली माणसंच, ओळीनं उभी... आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझ्या हातावर काटा आला, हे कुणाला सांगू नका. मी निवृत्त शिक्षिका आहे. चार जणींत बसले की गंभीर पुस्तकांची नावं घेते.

या कादंबरीत मी कोण हा प्रश्न कधी निघालाच नाही. मी हेमांगी. माझ्या दोन वेण्या होत्या, आईची विटलेली रेशमी ओढणी होती, आणि गल्लीतलं कुत्रं भुंकलं तर मी दुकानापर्यंत जात नसे, तरीही मी हेमांगी. शेवंताला काय करायचं, तर उरलेलं सगळं. मिलच्या मागे कोंड्याचा डोंगर असायचा. त्यात खड्डा करून मी तिला विहीर म्हणून बसवलं आणि सांगितलं, मी जवळ आले की ओरडायचं. ती ओरडली. हमालांनी पाठीवरची पोती खाली टाकली आणि धावत आले, कुणी मशीनमध्ये सापडलं की काय म्हणून. मी कोंड्यात बसकण मारली. भीतीनं मारली, पण सर्वांना सांगितलं की हसू आवरेना म्हणून. आणि हसत हसत बोट दाखवून म्हटलं, ही बघा धूम्रा. संध्याकाळपर्यंत मिलभर झालं, दुसऱ्या दिवशी मी ते शाळेत नेलं. तिची बोली, तिचे पुढे आलेले दात, तिचा आवाज, सगळ्याला मिळून एक नाव झालं. लोकांच्या तोंडी ते धूम्राचं धुमरा झालं आणि चिकटलं.

ती रडली असती तर मी कदाचित थांबले असते. ती रडली नाही. तिनं ते पुस्तक घेतलं आणि वाचून काढलं. मग एका दुपारी आम्ही बोरं खात बसलो असताना म्हणाली, "ताई, या जंगलात मोहाचं झाड काऊन नाई?"

"राजकन्येच्या जंगलात चंदन असतं," मी म्हटलं.

"मंग तिथले लोकं खातेत का? चंदन?"

मी दुसरं बोर उचललं. तिचं पुढे चालूच. अस्वल नाही, बांबू नाही, सगळीकडे हरणं आणि कमळं, हे लिहिणारा कधी झाडाखाली तरी उभा राहिला का... पण धूम्रा तिला आवडली होती. पहिला भाग जिथे संपतो तिथे हेमांगी विहिरीच्या काठावर उभी आहे, धूम्रा प्रश्न विचारायला तोंड उघडते, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, पुढील कथा दुसऱ्या भागात. वाचनालयात दुसरा भाग नव्हता. येईल, असं तिथले काका सांगत, आणि माझं लग्न होईपर्यंत तसंच सांगत राहिले.

"मंग पुढी माह्यं का होते?" तिनं विचारलं.

'तिचं' नाही म्हणाली. 'माह्यं' म्हणाली. मी तोंडातली बी थुंकली आणि आई हाका मारत होती म्हणून घाईघाईत काहीतरी ठोकून दिलं. म्हटलं, दुसऱ्या भागात तुझा शाप उतरतो. राजा जागा होतो आणि म्हणतो, हे सगळं वन आजपासून तुझं. तुला विचारल्याशिवाय इथलं पान कुणी तोडणार नाही. तुला कसं ठाऊक, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीनं नागपूरला वाचलं. नागपूरला माझी कुणी मैत्रीण नव्हती. इतकं सगळं मी उठता उठता बोलले आणि स्वयंपाकघरात गेल्यावर विसरूनही गेले.

ती विसरली नाही.

तिचं लग्न ठरलं ते धानोऱ्याकडच्या एका गावात, जंगलाच्या पार तोंडाशी. मी करवली. लग्न लागलं आणि सासरच्यांच्या लक्षात आलं की घरातल्या मोठ्या सुनेचं नावही शेवंताच आहे. एका चुलीवर दोन शेवंता कशा चालतील, नाव बदलायलाच हवं. ताटात तांदूळ पसरले, नवरदेवाच्या हाती अंगठी दिली. अंगठीनं तांदळात जे नाव लिहील ते सुनेचं. "बोला, का नाव ठेवाचं?" सासरे म्हणाले. कुणी काही बोलेना. अशा वेळी थोर माणसं गप्प बसतात. मी म्हटलं, धुमरा. मला वाटलं, आमच्याकडची माणसं हसतील आणि दुसरं काही सुचवतील. पण आमच्याकडची माणसं पंगतीच्या गडबडीत होती, आणि त्यांच्याकडच्यांपैकी कुणी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, देवीचं नाव हाय वाटते, चांगलं हाय. आणि त्या भल्या माणसानं जीभ दाताखाली धरून, सावकाश, एकेक अक्षर तांदळात कोरलं.

शेवंतानं मान वर करून नुसतं माझ्याकडे बघितलं असतं तरी मी सगळं कबूल केलं असतं. पण तिनं ताटातलं नाव वाचलं आणि मुंडावळ्यांच्या आडून हसली. निघताना माझ्या गळ्यात पडून कानात म्हणाली, "जंगलातच जाऊन राह्यली ना मी. बरोबर ठेवलं तू नाव." तेव्हा मला ते बोरं खातानाचं बोलणं आठवलं. माझी थट्टा तिनं आहेर म्हणून घेतली होती, आणि तो आहेर माझ्या थापेत गुंडाळलेला होता.

पुढे राशन कार्डावर, मतदार यादीत, बँकेत, सगळीकडे ती धुमराबाई झाली. मी चंद्रपूरला शिक्षिका झाले, मुलाबाळांत अडकले, पण मोहाच्या दिवसांत सुट्टी काढून दोनेक दिवस तरी तिच्याकडे जायचे. पहाटे बाया टोपल्या घेऊन निघत. मोहफुलं पडतात तिथे अस्वलंही येतात, म्हणून बाया एकमेकींना हाका देत चालतात. पुढे धुमरा असायची. तिची एक हाक गेली की पलीकडच्या टेकडीवरून परत यायची. "धुमराबाई सोबत असली का आम्ही लेकरंही आणतो," एक बाई मला म्हणाली. कुठल्या मोहाखाली कोण वेचणार यावरून भांडण लागलं की दोन्हीकडच्या तिच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, येऊन बसत, आणि निकाल लागेपर्यंत तिचाच चहा पीत. माझ्या वाट्याला वर्गातली चाळीस पोरं होती, ती काही माझं ऐकत नसत. मी तिच्या मागून मागून, साडीचा ओचा सावरत, वाळलेल्या पानांवर पाय आपटत चालायची. आणि प्रत्येक भेटीत, टोपली खाली ठेवली की तिचा तोच प्रश्न. "दुसरा भाग भेटला का वं ताई?"

"नाही गं. कुठेच मिळत नाही."

काही वर्षं हे खरं होतं. मग चंद्रपूरला एका रद्दीच्या दुकानात वह्या विकायला गेले असताना तराजूच्या बाजूच्या ढिगात ती लाल पाठ दिसली. भाग दुसरा. मी तो घरी सुद्धा नेला नाही, दुकानाच्या पायरीवर बसूनच उघडला. धूम्रा पहिल्याच प्रकरणात संपते. हेमांगी उत्तर बरोबर देते, राक्षसीण हतबल होते, राजकन्येचे सैनिक तिला विहिरीत लोटतात, वर शिळा ठेवतात, आणि प्रकरणाचं नावच 'धूम्रेचा अंत'. नंतर अख्ख्या भागात तिचा उल्लेख नाही. शाप नाही, उतरणं नाही, वन कुणालाही मिळत नाही. नगरात साखर वाटतात.

मी घरी आले आणि पुस्तक कपाटात साड्यांखाली ठेवलं. मनाशी म्हटलं, तिला कशाला दुखवायचं, तिनं नाव स्वीकारलं ते त्या शेवटावर, शेवटच काढून घेतला तर नावाचं काय राहील. असं म्हणताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. खोटं बोलणाऱ्याला इतकं बरं वाटू नये. त्यानंतरही ती विचारत राहिली, आणि मी नाही म्हणत राहिले. एकदा तर मी म्हटलं, दुसरा भाग छापलाच नसेल. ती मोहफुलं उन्हात पसरत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग तुह्या नागपूरच्या मैत्रिणीनं का वाचलं?" मी पाणी प्यायला आत गेले.

गेल्या पावसाळ्यापासून ती अंथरुणाला लागली. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याची नजर उतरलेली, वाचणं थांबलेलं. वनिता तिची सून. फोनवर म्हणाली, माय जेवत नाई, नुसती जुन्या गोष्टी सांगते, तुम्ही या. मी पुस्तक काढलं. ठरवलं की तिला वाचून दाखवायचं, आणि ज्या जागी धूम्रेचा अंत आहे तिथे माझा शेवट वाचायचा. चार दिवस घरात सराव केला. शिक्षिका ना मी. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं बसवलं होतं.

ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. पुस्तक हातात दिलं तर तिनं ते हुंगलं. "भेटला शेवटी," म्हणाली. कुठे, कधी, काही विचारलं नाही. वनिता शेजारी तांदूळ निवडत होती. मी वाचायला लागले. हेमांगीनं उत्तर दिलं, विहिरीतून धूर निघाला, इथवर पुस्तकातलं. मग मी पुस्तक सोडलं आणि माझी गाडी सुरू झाली. धूम्रा वर आली, तिचा धूर विरला, झाडं झालेली माणसं एकेक करून हलू लागली, राजानं येऊन तिच्यापुढे हात जोडले... मला वाटतं, मी इतकं चांगलं कधीच वाचलं नव्हतं. धुमरा डोळे मिटून ऐकत होती. बऱ्याच वेळानं, डोळे तसेच मिटलेले ठेवून, ती म्हणाली,

"पान पलटव ना ताई. एवढं मोठं पान असते का?"

वनिता हसली. तिला वाटलं, माय गंमत करून राह्यली. मी पान उलटलं. कागदाचा आवाज सपरीभर झाला.

"मारते ना तिले?" धुमरानं विचारलं.

मी उलटलेलं पान बोटानं सपाट केलं.

"कोण मारते? राजकन्या?"

मी हो म्हटलं.

"म्हणजे तू," ती म्हणाली आणि हसली. कोंड्यात बसून ओरडली होती त्याच आवाजात हसली, मग खोकली, मग वनितानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता बोलेल. रागावेल, निदान एक शिवी देईल. तिनं हात पुढे केला. "ठेवून जा इथी."

मी पुस्तक ठेवलं. राहायचं म्हणून पिशवी भरून आणली होती, पण मला एकदम घरची कामं आठवली आणि मी दुपारच्याच बसनं निघाले. तिनं थांबवलं नाही. त्यानंतर ती बरेच दिवस होती. मी फोन केला नाही. रोज करायचं ठरवायची आणि रोज मालिका लावायची. वनिताचा फोन आला तेव्हा क्षणभर मला वाटलं, धुमराच बोलेल. आणि मी घाबरले. सत्तरी उलटलेली बाई, कुत्र्याला घाबरावं तशी घाबरले.

तेरवीला गेले. गर्दी पांगल्यावर वनिता चहा घेऊन जवळ बसली. मी हळूच विचारलं, पुस्तक कुठे आहे? तिनं सांगितलं की मी गेल्यावर मायनं तिच्याकडून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतलं. रोज दुपारी थोडं थोडं. मी चहा खाली ठेवला.

"तो मारायचा भाग पण?"

"थो त दोनदा वाचाले लावला," वनिता म्हणाली. "मले वाटलं वाईट वाटन. त माय हासून राह्यली. म्हणे, लिहिणाराले समजलंच नाई. धुमरा राहते कुठी? विहिरीत. मंग तिले विहिरीत टाकलं त मरन कशी? घरी पोहचवून देल्ली तिले."

माझ्याकडे ते पुस्तक इतकी वर्षं साड्यांखाली होतं. मी ते प्रकरण कितीदा वाचलं असेल, आणि प्रत्येक वेळी तिच्या जागी रडले होते, तिला न विचारता. तिला काय सोसेल याचं माप मी काढलं होतं, आणि माप काढायला घेतली होती ती स्वतःची उंची.

"अजून काही म्हणाली? माझ्याबद्दल?"

वनिता जराशी घुटमळली. "राजकन्येबद्दल म्हणे. थे बाई बहुत रडते म्हणे. पर पाणी आणाले एकटी गेली, हे काही कमी नाई." मग म्हणाली, "पुढचं मायनंच जुळवलं, मावशी. शिळा ठेवल्यावर काय होते थे. पोट्ट्याईले सांगे रोज."

पोट्टी, म्हणजे गावातली पोरंसोरं, कुठे शोधायला जावं लागलं नाही. उन्हं कलली तशी ती आपली आली आणि सपरीत बसली, जशी रोज येत असणार. आपली जागा ठरलेली असावी तशी बसली. धुमराची खाट बाहेर काढून उभी केली होती आणि तिच्या जागी सारवण अजून ओलसर होतं. वनितानं मला तिथेच पाट टाकून दिला. "मावशी आज सांगतीन," ती मुलांना म्हणाली. "यायच्याजवळच होतं थे पुस्तक."

मला नाही म्हणता येईना. मी घसा साफ केला. इतकी वर्षं हीच कादंबरी मनात पाठ होती, आता लाज कसली, असं स्वतःला बजावलं आणि वर्गात सुरू करायची तसं सुरू केलं. "एक राजकन्या होती. तिचं नाव हेमांगी."

पुढच्या ओळीत बसलेली एक मुलगी जागेवरच हलली. माझी कीव आल्यासारखं तोंड करून म्हणाली, "ते मंग येते, आजी. पयले धुमरा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, बरं, मग तूच सांग. ती पाय पोटाशी घेऊन बसली, विहीर केवढी होती ते हातानं दाखवलं, आणि आवाज जाड करून बोलू लागली. मोहाची झाडं आली, अस्वलं आली. मी पाटावर बसून ऐकत राहिले. राजकन्या यायला अजून बराच वेळ होता.